आधी पाठ बघा, मग तोंड: लेट रोमन ब्राँझ नाणी ओळखायची कशी

तुमच्या हातात शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठं, काळपट हिरवं, एका कडेला चेपलेलं नाणं आलंय. एका बाजूला उजवीकडे बघणारं डोकं, दुसऱ्या बाजूला काड्यांसारखी दोन माणसं, आणि भोवती अक्षरं, त्यातली निम्मी कडेबाहेर गेलेली आणि उरलेली झिजलेली. हे कुणाचं, कधीचं, कुठल्या टाकसाळीतलं हे शोधायला बसलं की बहुतेक नवीन माणूस डोक्याच्या बाजूने सुरुवात करतो, कारण नाणं म्हणजे राजा असं आपल्या मनात बसलेलं असतं. मीही सुरुवातीला तसंच करायचे आणि एकेका नाण्यावर अख्खी संध्याकाळ जायची. लेट रोमन ब्राँझला, म्हणजे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या ब्राँझ नाण्यांना, हे उलटं करायचं, आधी पाठ बघायची आणि मग तोंड.

कारण असं की चौथ्या शतकात, म्हणजे साधारण सम्राट कॉन्स्टंटाइनच्या शेवटच्या वर्षांपासून पुढे, सम्राटांचे चेहरे एकसारखेच काढायला लागले, तेच सरळ नाक, तेच मोठे डोळे, तीच मोत्यांची पट्टी डोक्याला. चेहऱ्यावरून बाप कोण आणि मुलगा कोण हे सांगणं अवघड. पण मागचं चित्र मात्र वरून हुकूम आल्यासारखं एकदम बदलायचं, पश्चिमेला आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरपासून ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत तेच चित्र चार-पाच-सात वर्षं चालायचं आणि मग नवीन यायचं. म्हणजे मागचं चित्र ओळखलं की साल सापडलं, साल सापडलं की तेव्हा गादीवर कोण कोण होतं ती तीन-चार नावंच उरतात, आणि मग तोंडाच्या बाजूची उरलीसुरली दोन अक्षरंसुद्धा पुरतात.

माझ्या आजोबांकडे साताऱ्याला एका पत्र्याच्या डबीत शिवराया होत्या. ज्यांनी शिवराई हाताळलीय त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ अख्खं क्वचितच येतं, कुठे नुसता ‘जा’, कुठे मागच्या ‘छत्रपति’मधला अर्धा ‘त्र’. आजोबा म्हणायचे, मधल्या ओळीत ‘जा’ दिसला ना, मग वर श्री असणारच आणि खाली शिव असणारच, ते दिसायची गरज नाही. रोमन नाण्यालाही अगदी हेच लागू पडतं. काय लिहिलेलं असू शकतं हे आधी माहीत पाहिजे, मग अर्धी रेघ दिसली तरी अक्षर ओळखू येतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक डिजिटल व्हर्निअर आणि सोनाराकडे असतो तसा शंभराव्या ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. बाकी सगळं काम उजेडाचं आहे. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमधे झिजलेलं नाणं सपाट दिसतं. टेबललॅम्प खाली आणा, नाण्याच्या कडेवरून तिरका उजेड पाडा आणि नाणं हळूहळू गोल फिरवत जा, एका ठराविक कोनात अचानक अक्षर उठून दिसतं आणि पुन्हा गायब होतं, त्या क्षणी मोबाईलने फोटो काढून ठेवा. दुसरी युक्ती म्हणजे नाणं ओलं करून बघा, नुसत्या पाण्याच्या थराने रंगातला फरक वाढतो आणि कोरडं असताना न दिसणारी अक्षरं दिसतात.

साफसफाईबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आपल्याकडे तांब्याचा तांब्या म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे नाहीतर लिंबाकडे जातो, आणि देवाची भांडी अशी लखलखीत झालेली बघतच आपण मोठे झालो. मी पहिल्या वर्षी एक नाणं लिंबाच्या रसात ठेवलं, सकाळी बाहेर काढलं तर गुलाबी तांब्याची एक खडबडीत चकती हातात आली, हिरवा थर गेला आणि त्याच्याबरोबर अक्षरंही गेली. झालं असं होतं की सोळाशे वर्षांत धातूचा वरचा भाग खनिज होऊन गेलेला असतो, आणि बऱ्याच नाण्यांवर चित्र आता त्या थरातच असतं, खालच्या धातूत नसतं. थर काढला की चित्र गेलं. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी यातलं काहीही नाण्याजवळ आणू नका. डिस्टिल्ड वॉटर घ्या, काचेच्या बरणीत नाणी बुडवा, पाणी गढूळ झालं की बदला, आणि आठवडे लागले तर लागू द्या. मधूनमधून मऊ टूथब्रश, आणि अक्षरांच्या फटीतली माती काढायला लाकडी टूथपिक किंवा बाभळीचा काटा, तो तर उत्तम, टोकदार असून धातूइतका कठीण नसतो. माती निघाली आणि गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळा थर दिसला की तिथेच थांबायचं.

आता मोजायचं. या नाण्यांची त्या काळची नावं आपल्याला नीट माहीत नसल्यामुळे संग्राहक आकारावरून बोलतात, २५ मिलिमीटरच्या वर असेल तर एई १, २१ ते २५ एई २, १७ ते २१ एई ३ आणि १७ च्या खाली एई ४. एई हे ब्राँझसाठीच्या लॅटिन शब्दावरून. सगळी गोष्ट सुरू होते सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन २९४ च्या सुमारास काढलेल्या मोठ्या नाण्यापासून, जवळपास १० ग्रॅमचं, वर चांदीचा अगदी पातळ मुलामा, मागे रोमन जनतेचा रक्षणकर्ता देव उघड्या अंगाने उभा. त्यानंतर वजन उतरतच गेलं. ३१८ च्या आसपास ३ ग्रॅम, ३३० नंतर अडीच, ३३५ नंतर दीडच्या आसपास, आणि शतक संपताना हातात येतं ते १२-१३ मिलिमीटरचं जेमतेम १ ग्रॅमचं नाणं. त्यामुळे चित्र बघायच्या आधीच काट्यावर ठेवलं तरी अंदाज येतो.

मग चित्र. हे सगळं एका दिवसात पाठ होत नाही पण आठ-दहा चित्रं डोळ्यात बसली की बाजारात मिळणाऱ्या ढिगातली बरीचशी नाणी तुम्हाला लांबून ओळखू येतील. हात वर केलेला सूर्यदेव दिसला तर ३१० ते ३१८ च्या सुमाराचं, कॉन्स्टंटाइन तेव्हा अजून सूर्याला आपला सोबती म्हणवत होता. किल्ल्याच्या दरवाजासारखं काही, वर दोन बुरुज आणि मधे तारा, तर ३२४ ते ३३०. दोन सैनिक आणि त्यांच्यामधे दोन झेंडे, ग्लोरिया एक्झर्सिटस, म्हणजे सैन्याचा गौरव, ३३० ते ३३५. तेच दोन सैनिक पण झेंडा एकच, तर ३३५ ते ३४१, नाणं हलकं झालं तसं मधला एक झेंडाही गेला. म्हणून सैनिक दिसले की खूश होऊन थांबू नका, झेंडे मोजा. याच सुमाराला, ३३० पासून, सम्राटाचं नावच नसलेली दोन नाणी निघाली, एकावर हेल्मेट घातलेली रोम नगरी आणि मागे दोन बाळांना पाजणारी लांडगीण, दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी असलेली पंखवाली विजयदेवी, कारण नव्या राजधानीचं उद्घाटन ३३० मधे झालं. ही दोन्ही डोकी डावीकडे बघतात, तेवढ्यावरूनही लगेच कळतं. ३४१ ते ३४८ मधे पश्चिमेला दोन विजयदेवी समोरासमोर हार घेऊन उभ्या, आणि पूर्वेला नुसत्या पानांच्या हारामधे लिहिलेले नवसाचे आकडे, म्हणजे सम्राटाच्या किती वर्षांच्या राज्यासाठी नवस बोलले ते.

३४८ ला मोठा बदल झाला, आणि माझं सगळ्यात आवडतं नाणं इथलं आहे. रोम शहराला अकराशे वर्षं झाली म्हणून की काय नवीन घोषणा आली, फेल टेम्प रेपरॅशिओ, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. या एका घोषणेखाली बरीच चित्रं आहेत, आगीतून उठणारा फिनिक्स पक्षी, जहाजात उभा सम्राट, झोपडीतून एका लहानशा माणसाला हाताला धरून बाहेर काढणारा सैनिक, पण तुमच्याकडे येणार ते बहुतेक वेळा पडलेला घोडेस्वार. रोमन सैनिक डावीकडे ढाल घेऊन पुढे येतोय आणि घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारतोय. भिंगाखाली हे चित्र नीट बघाच. घोडा गुडघ्यांवर बसलाय, स्वाराने कधी घोड्याच्या मानेला मिठी मारलीय, कधी मागे वळून हात वर केलाय जणू थांब म्हणतोय, कधी तो जमिनीवर बसलाय. नाणं कितीही झिजलेलं असो, तिरक्या भाल्याची रेघ आणि खाली कोसळलेल्या घोड्याचा ढीग एवढं राहतंच. सुरुवातीची २२-२३ मिलिमीटरची दणदणीत असतात आणि पुढे १६-१७ पर्यंत लहान होत जातात, म्हणजे इथेही व्हर्निअर साल सांगतो.

त्यानंतर ३५५ ते ३६१ भाला आणि गोल घेतलेला एकटा उभा सम्राट. मग ज्युलियनचं भलंमोठं बैलाचं नाणं, ३६१ ते ३६३, बैलावर दोन तारे, ज्याच्या हातात पडेल तो भाग्यवान. ३६४ नंतर व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स हे भाऊ, त्यांच्याकडे दोनच चित्रं फार दिसतात, कैद्याला केसाला धरून ओढणारा सम्राट, किंवा हार आणि झावळी घेऊन डावीकडे चाललेली विजयदेवी. ३८३ नंतरच्या चिमुकल्या नाण्यांवरही विजयदेवीच आहे पण ती खांद्यावर विजयचिन्ह घेऊन कैद्याला फरफटत नेते आणि बाजूला ख्रिस्ताचं चिन्ह असतं. या दोघींचा घोळ सगळ्यांचा होतो. हातात हार दिसला तर पहिली, मागे कुणी ओढलं जातंय असं वाटलं तर दुसरी, आणि तरी शंका असेल तर वजन करा, पहिली दोन ग्रॅमच्या वर जाते, दुसरी एकाच्या आसपास.

साल मिळालं, आता टाकसाळ. मागच्या बाजूला चित्राच्या पायाखाली एक आडवी रेघ असते, त्या रेघेखालच्या जागेत तीन ते सहा अक्षरं असतात. ती कडेला असल्यामुळे फार वेळा अर्धी कापली जातात पण दोन अक्षरं मिळाली तरी चालतं. टी-आर म्हणजे ट्रिअर, ए-क्यू म्हणजे अक्विलेया, एस-आय-एस म्हणजे सिसिया, आजचं क्रोएशियातलं सिसाक, टी-एस म्हणजे थेस्सलोनिकी, ए-एन-टी म्हणजे अँटिओक, ए-एल-ई म्हणजे अलेक्झांड्रिया. पुढे एस-एम असेल तर ते ‘साक्रा मोनेता’चं, म्हणजे सम्राटाच्या टाकसाळीचं, त्यानंतरचं अक्षर धरायचं, के आला तर सिझिकस, एन आला तर निकोमीडिया. लंडनचीही टाकसाळ होती, ती ३२५ च्या सुमाराला बंद पडली, त्यामुळे दोन सैनिकांच्या नाण्यावर लंडन शोधत बसू नका. शिवाय एक अक्षर कारखान्याचं असतं, एकाच टाकसाळीत चार, आठ, दहा विभाग काम करायचे आणि प्रत्येकाची खूण वेगळी, पश्चिमेकडे पी, एस, टी, क्यू अशी लॅटिनमधली पहिला-दुसरा-तिसरा-चौथा, पूर्वेकडे ग्रीक अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा.

सुरुवातीला सांगितलेलं नाणं आठवा, दोन सैनिकांचं. ते माझंच आहे. झेंडे दोन, वजन २.३ ग्रॅम, म्हणजे ३३० ते ३३५. रेघेखाली पी-सी-ओ-एन-एस-टी. मी बिनदिक्कत पाकिटावर कॉन्स्टँटिनोपल लिहिलं आणि कित्येक महिने ते तसंच होतं. चूक होती. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीवर आर्ल नावाचं शहर आहे, कॉन्स्टंटाइनने त्याचं नाव ३२८ मधे आपल्या मुलावरून कॉन्स्टंटिना केलं, तो मुलगा ३४० मधे मारला गेला तेव्हा जुनं नाव परत आलं आणि ३५३ मधे पुन्हा नवीन. त्या वर्षांत आर्लची नाणीही ‘कॉन्स्ट’ लिहितात! फरक ओळखायचा कारखान्याच्या अक्षरावरून, आर्लमधे ते पुढे येतं, पी-कॉन्स्ट, एस-कॉन्स्ट, आणि कॉन्स्टँटिनोपलमधे मागे, कॉन्स-अल्फा, कॉन्स-बीटा. एका अक्षराच्या जागेने नाणं बॉस्फरसवरून उचलून ऱ्होनकाठी नेऊन ठेवलं, आणि ते जेव्हा कळलं तेव्हा मला जो आनंद झाला त्यासाठीच मी हे सगळं करते.

आता तोंडाची बाजू. अक्षरं डावीकडे खालून, घड्याळात सात वाजतात तिथून, सुरू होतात आणि डोक्यावरून फिरून उजवीकडे खाली येतात. यू हे अक्षर नाही, त्याच्या जागी व्ही. सुरुवातीला डी-एन असेल तर ‘आमचे स्वामी’, शेवटी ए-व्ही-जी असेल तर ऑगस्टस म्हणजे थोरला सम्राट, आणि एन-ओ-बी सी असेल तर सीझर म्हणजे युवराज. सगळ्यात त्रासाचं ते कॉन्स्टंटाइनचं घराणं, कारण बापाने मुलांची नावंच अशी ठेवलीयत. कॉन्स्टंटिनस १२ अक्षरं, कॉन्स्टंटियस ११, कॉन्स्टन्स ८. पहिल्या दोघांची पहिली नऊ अक्षरं अगदी सारखी, दहावं एन की व्ही तेवढं बघायचं, आणि नेमकं तेच झिजलेलं असलं तर शेवटून मोजत या. कॉन्स्टंटिनस वाचलं तरी काम संपत नाही, बाप की मुलगा? पुढे मॅक्स ए-व्ही-जी असेल तर बाप, आय-व्ही-एन एन-ओ-बी सी असेल तर मुलगा, आय-व्ही-एन म्हणजे ज्युनिअर. माझ्या नाण्यावर नावाचा शेवट दिसत नाही पण त्यानंतर व्ही-एन आणि मग एन-ओ आहे, बास, मुलगा.

नक्की करायला रोमन इम्पीरियल कॉइनेज या ग्रंथमालेचा नंबर शोधायचा, सहावा खंड २९४ ते ३१३, सातवा ३१३ ते ३३७, आठवा ३३७ ते ३६४, नववा ३६४ ते ३९५, दहावा त्यापुढे ४९१ पर्यंत. खंड महाग आहेत पण अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओक्रे हा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे, सम्राट, टाकसाळ आणि मागचे शब्द टाकले की यादी येते. सगळी माहिती नसेल तर उगाच नंबर चिकटवू नका, ‘३३० ते ३३५, टाकसाळ वाचता येत नाही’ हीसुद्धा पूर्ण ओळख आहे.

कधीकधी अक्षरं वाचायला जावं तर नुसत्या काड्या आणि गोल, सैनिकाचं डोकं म्हणजे एक टिंब. ते बहुतेक त्याच काळातलं स्थानिक नकली नाणं असतं, सुट्या नाण्यांची टंचाई झाली की लोक स्वतः पाडायचे. पडलेल्या घोडेस्वाराच्या अशा नकला भरपूर आहेत, काही नखाएवढ्या, आणि त्या जपून ठेवण्यासारख्या आहेत. आजच्या नकला वेगळ्या. कडेला गोल फिरणारी जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, अशी ओतीव नाणी असतात, आणि खरी नाणी ठोकून पाडलेली आहेत. पिवळसर वाळूचा थर असलेलं नाणं फार सुंदर दिसतं, पण तो थर हल्ली चिकटवतातही, म्हणून विचारून ओल्या कापसाने एका कोपऱ्यात पुसून बघा.

विकत घेताना मला कळकळीने सांगायचंय की न साफ केलेल्या नाण्यांच्या किलोकिलोच्या पिशव्या घेऊ नका. मी घेतल्यात, आता घेत नाही. त्यातला बराच माल बाल्कन देशांतल्या शेतांतून चोरून खणलेला असतो, आणि नाणं कुठे, कशाबरोबर, किती खोल सापडलं ही माहिती एकदा गेली की गेली. जुन्या संग्रहातून आलेली, कागद असलेली नाणी थोडी महाग पडतात, तीच घ्या, महिन्याला एक घ्या. इंग्लंडमधे डेव्हनला सीटनजवळ २०१३ मधे एका मेटल डिटेक्टरवाल्याला अशाच नाण्यांचा साठा लागला, त्याने कळवलं, पुरातत्त्ववाल्यांनी नीट खणून काढला, २२,८८८ नाणी निघाली, आणि आज तो साठा एक्सेटरच्या संग्रहालयात आहे. तीच नाणी पाकिटापाकिटाने विकली गेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. इंग्लंड-वेल्समधे एका जागी अशी १० किंवा जास्त ब्राँझ नाणी सापडली तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि एकदुकटं सापडलं तरी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमला दाखवा, ते नोंद करून परत देतात.

भारतात असाल तर तुम्हाला ही नाणी वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत. तमिळनाडूत करूरला अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईच्या भागात, आणि श्रीलंकेत तर ढिगाने चौथ्या-पाचव्या शतकातली ही बारकी रोमन नाणी निघालीयत, बहुतेक इतकी झिजलेली की ती इथे रोजच्या व्यवहारात फिरली असणार, आणि श्रीलंकेत त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. फक्त लक्षात ठेवा, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती खिशात घालून परदेशी नेता येत नाही, आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं.

ठेवायचं कुठे हेही महत्त्वाचं. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट लगदा होतो. साधी आम्लविरहित कागदी पाकिटं किंवा मायलर या प्लॅस्टिकची घ्या, डब्यात सिलिका जेल टाका, आणि मुंबई-कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडून बघा. फिकट पोपटी भुकटी दिसली आणि टूथपिकने सहज निघाली तर तो ब्राँझचा रोग, आतल्या क्षारांना दमट हवा लागली की तो नाणं पोखरत जातो. भुकटी खरवडून काढा, नाणं बरेच दिवस डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पूर्ण वाळवा आणि वेगळ्या कोरड्या डबीत महिनाभर नजरेखाली ठेवा.

आणि प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी, शिसपेन्सिलीने, कारण शाई पसरते. माझ्या त्या पहिल्या नाण्याच्या चिठ्ठीवर आता असं आहे: कॉन्स्टंटाइन दुसरा, सीझर असताना. ग्लोरिया एक्झर्सिटस, दोन झेंडे. आर्ल, पहिला कारखाना, पी-कॉन्स्ट. इ. स. ३३० ते ३३५. १७ मिमी, २.३ ग्रॅम. जुन्या संग्रहातून, पावती मागे जोडली आहे. आधी चुकून कॉन्स्टँटिनोपल लिहिलं होतं.